सर्पगंधा आणि हृदयाची लय

उत्तरेस डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांपासून दक्षिणेस सावंतवाडीपर्यंत कोकणपट्टीत मुळ्यांची औषधे जाणणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेली. त्यांची नावे कोणी टिपून ठेविली नाहीत. त्यांच्या ज्ञानाची एखादी ओळ मात्र ग्रंथात सापडते. विल्यम डायमॉक व त्यांचे दोन सहकारी यांच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त (१८९०-९३) अशी एक नोंद आहे. दक्षिण कोकणातून मुंबईस येणारे मजूर सर्पगंधेची मुळी जवळ बाळगीत व पोटाच्या दुखण्यावर घेत, असे तीत म्हटले आहे. हृदयाचा तेथे उल्लेख नाही, हे मुद्दाम सांगतो. पूर्वजांना सारे ठाऊकच होते असे म्हणण्याची आपणांस फार हौस!

१९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान व रफत हुसेन सिद्दिकी यांनी ह्या मुळीतून काही स्फटिकरूप द्रव्ये निराळी केली. त्यांपैकी एकास संस्थापक हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ अजमलीन म्हणू लागले. हकिमांचे नाव असे द्रव्यास चिकटले. मजुरांच्या वाट्यास ती ग्रंथातली ओळ.

१९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांवरील आपला अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि पाश्चात्त्यांचे लक्ष सर्पगंधेकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडात तिच्यातून रेसर्पिन निघाले. सारा लौकिक त्याने घेतला. अजमलीन मागे पडले.

पण त्याचा गुण निराळा होता. हृदयाच्या पेशींत सोडियमचे कण ज्या सूक्ष्म द्वारांनी शिरतात, ती हे द्रव्य काही अंशी अडविते. विद्युत्‌लहर मंदावते व भरकटलेले ठोके ताळ्यावर येऊ शकतात. १९९२ साली ब्रुगाडा बंधूंनी एका विकाराचे वर्णन केले. वरकरणी धडधाकट माणूस, बहुधा झोपेत, अकस्मात दगावतो. आणि जिवंतपणी काढलेला त्याच्या हृदयाचा आलेख पुष्कळदा निर्दोष दिसतो. अशा संशयिताच्या शिरेत अजमलीन मोजून सोडतात. दोष दडलेला असल्यास आलेखात ठराविक वळण उमटते. लय सावरणारे हे औषध येथे ती मुद्दाम बिघडवू पाहते, म्हणून विजेचा धक्का देणारे यंत्र उशाशी सज्ज ठेवावे लागते. आप्ताच्या अशा मृत्यूनंतर भावंडांनाही ह्या परीक्षेस बसवितात.

मुळीच उपटावयाची म्हणजे झुडूप समूळ गेले. मागणीने राने ओरबाडली गेली. १९९० पासून सर्पगंधा ‘साइट्स’ ह्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि ती परदेशी धाडावयाची तर परवाना लागतो.