रोमच्या पाण्याचा हिशेब

शहरास पाणी आणणें आणि आणलेलें पाणी सर्वांस न्यायानें वांटणें हीं दोन वेगळीं कामें आहेत. पहिल्याची कीर्ति दगडांत उभी राहते. दुसरें काम नीट चाललें तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. प्राचीन रोमच्या उंच कमानी आणि त्यांवरून वाहणारे पाट यांचीं चित्रें आपणांपैकीं पुष्कळांनीं शाळेच्या पुस्तकांत पाहिलीं असतील. परंतु तें पाणी वेशीच्या आंत आल्यावर त्याचें काय होत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आज त्याचाच थोडासा विचार करावयाचा आहे.

सुदैवानें या बाबतींत एक जाणता साक्षीदार आपणांस लाभला आहे. इ. स. ९७ मध्यें नर्वा बादशहानें सेक्स्टस ज्यूलिअस फ्राँटिनस यास शहराच्या पाणीखात्याचा मुख्य नेमिलें. हा पूर्वी ब्रिटनचा सुभेदार होता. हाताखालच्या लोकांच्या शिकवणुकीनें अधिकार चालविणें ही भल्या माणसास लाजिरवाणी गोष्ट होय, असें त्याचें मत असल्यामुळें त्यानें सर्व माहिती स्वतः गोळा केली, पाटांचे नकाशे काढविले आणि तें सर्व एका लहानशा ग्रंथांत लिहून ठेविलें. त्या ग्रंथाची जुनी हस्तलिखित प्रत इ. स. १४२९ मध्यें इटालींतील माँटे कॅसिनो येथील मठांत सांपडली.

त्या वेळीं रोमास नऊ पाटांनीं पाणी येत असे. त्यांतील सर्वांत जुना ॲपिया हा इ. स. पूर्वी ३१२ मधला. शेवटचे दोन क्लॉडियस बादशहानें इ. स. ५२ मध्यें पुरे केले. पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत येई, वांटपाच्या हौदांत पडे, आणि तेथून शिशाच्या नळ्यांनीं सार्वजनिक टांकीं, स्नानगृहें व खासगी वाडे यांकडे जाई. खासगी पाणी बादशहाच्या परवानगीवांचून मिळत नसे, आणि ती परवानगी वारसाकडे किंवा घर विकत घेणाऱ्याकडे जात नसे.

पाणी मोजण्याचें माप म्हणजे हौदाच्या भिंतींत बसविलेली कांशाची तोटी. लहान प्रमाणाच्या तोटीचा व्यास सव्वा अंगुल, म्हणजे आपल्या इंचाहून किंचित् कमी; लांबी निदान १२ अंगुलें. शिसें मऊ, तें ठोकून भोंक मोठें करतां येतें. कांसें तसें वांकत नाहीं, म्हणून तोटी कांशाचीच असावी असा दंडक होता. तिच्यावर सरकारी छाप मारीत, आणि तिच्यापुढची नळी ५० फुटांपर्यंत तिच्याच मापाची असावी लागे.

नियम असे चोख होते. परंतु फ्राँटिनसनें तपासणी आरंभिली तेव्हां निराळाच देखावा दिसला. कांहीं तोट्या परवानगीहून मोठ्या होत्या, कांहींवर छापच नव्हता. एकाचा हक्क संपून तो दुसऱ्यास मिळाला, म्हणजे नोकर हौदास नवें भोंक पाडीत. जुनें तसेंच ठेवून त्याचें पाणी परभारें विकीत. रस्त्यांच्या फरशीखालून चोरनळ्या गेलेल्या होत्या. त्यांतून वाटेवरच्या दुकानांस पाणी मिळे आणि सार्वजनिक टांक्यांस तेवढें कमी पडे. या नळ्या उपटल्यावर शिसेंच पुष्कळ हातीं आलें!

आपल्याकडे कालव्यावर पाटकरी असतो. तो सरळ असला तर शेवटच्या शेतासहि पाणी पोंचतें. रोमांत असे पाण्याचे नोकर ७०० होते: अग्रिप्पाच्या पदरचे २४० ऑगस्टसकडे येऊन पुढें सार्वजनिक झाले, आणि ४६० क्लॉडियसनें नेमिले. त्यांत हौदांचे राखणदार, फेरी घालणारे, फरशी उकरून पुन्हां बसविणारे आणि गिलावा करणारे होते. मुकादमांच्या मेहेरबानीनें ते बड्यांच्या खासगी कामांवर राबत. फ्राँटिनसनें यावर साधा उपाय केला: कोणी काय करावयाचें तें आदल्या दिवशीं लिहून द्यावयाचें, आणि झालेलें काम रोज वहींत नोंदावयाचें.

दुरुस्तीविषयींहि त्याचें धोरण असेंच होतें. पाटांच्या आंत गाळाचा थर बसून दगडासारखा कठीण होई आणि वाट अरुंद करी. झाडांचीं मुळें बांधकाम फोडीत, म्हणून कमानींच्या दोन्ही बाजूंस १५ फूट जागा मोकळी ठेवण्याचा कायदा होता. ऐन उन्हाळ्यांत, जेव्हां पाण्याची गरज मोठी, तेव्हां पाट बंद करावयाचा नाहीं; एका वेळीं एकच पाट बंद करावयाचा; आणि सर्व साहित्य आधीं जमवून काम थोड्या दिवसांत उरकावयाचें. बहुतेक सार्वजनिक टांक्यांस दोन निरनिराळ्या पाटांच्या धारा दिलेल्या होत्या. हेतु असा कीं, एक थांबली तरी लोकांच्या घागरी रिकाम्या राहूं नयेत.

सरकारी दप्तराप्रमाणें १२,७५५ मापें पाणी येत होतें आणि १४,०१८ मापें वांटलें जात होतें. जमेपेक्षां खर्च अधिक! फ्राँटिनसनें उगमापाशीं मोजणी केली, तों पाणी नोंदीहून सुमारें १०,००० मापें जास्त भरलें. हें सर्व चोरांनींच नेलें असें मात्र म्हणतां येत नाहीं. तो केवळ प्रवाहाची रुंदी व खोली मोजी. वेगानें पाणी अधिक येतें हें त्यास ठाऊक होतें, परंतु तो वेग हिशेबांत घेण्याची रीत त्याच्यापाशीं नव्हती. तथापि माप अपुरें असलें तरी त्यानें मोजलें, आणि मोजलें म्हणूनच चोरी उघड झाली.

इ. स. ५३७ मध्यें गॉथ लोकांनीं रोमास वेढा घातला आणि पाट तोडले. शत्रूनें केलेला तो घाव इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकांत आहे. पण शांततेच्या काळांत, फरशीखालीं, एकेका भोंकानें शहराचें पाणी कसें नाहींसें होतें, हें सांगणारा फ्राँटिनस एखादाच. आजच्या शहरांत यंत्रें आलीं, मीटर आले. तरीहि हिशेबांत न सांपडणारें पाणी आहेच. धरण बांधणाऱ्याचा गौरव अवश्य करावा; परंतु शेवटच्या गल्लींतील घागर भरते ती प्रामाणिक मापानें आणि रोजच्या नोंदवहीनें.