कॉर्नबर्ग यांचा विकर

डीएनएची प्रत काढणारा पहिला विकर आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५६ च्या सुमारास ई. कोलाय या जिवाणूतून वेगळा केला. त्याचे नाव डीएनए पॉलिमरेज. १९५९ साली कॉर्नबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि जिवाणू स्वतःच्या डीएनएची प्रत याच विकराने काढतो, असे बहुतेकांनी गृहीत धरले.

आपण एक साधे गणित करू. ई. कोलायच्या डीएनएत सुमारे ४६ लाख बेस-जोड्या असतात. प्रत काढण्याचे काम एका ठिकाणी सुरू होऊन दोन्ही दिशांना चालते आणि सुमारे ४० मिनिटांत संपते. म्हणजे प्रत्येक बाजूला सेकंदाला जवळजवळ हजार जोड्या! कॉर्नबर्ग यांचा विकर सेकंदाला दहा-वीसच जोडतो. त्या वेगाने एका प्रतीला निदान तीस तास लागतील. वर्गात हे फळ्यावर जरूर मांडावे.

नुसत्या गणिताने सिद्ध काहीच होत नाही. पुरावा दिला जॉन केर्न्स आणि पॉला डी ल्युसिया यांनी, १९६९ साली. युक्ती सोपी, काम मात्र कंटाळवाणे. उत्परिवर्तन घडवलेल्या जिवाणूंची एकेक वसाहत वाढवायची, पेशी फोडायच्या, विकराची क्रिया मोजायची. हजारो वसाहतींनंतर एक अशी सापडली, की तिच्यात ही क्रिया जवळजवळ नव्हतीच. तरी ते जिवाणू खुशाल वाढत होते. अतिनील किरणांपुढे मात्र ते चटकन मरत. हा विकर मुख्यतः डीएनएच्या दुरुस्तीचा होता तर!

प्रत काढणारा खरा विकर, पॉलिमरेज ३, पुढे दोन-तीन वर्षांत टॉमस कॉर्नबर्ग आणि माल्कम गेफ्टर यांना सापडला. टॉमस हे आर्थर यांचेच चिरंजीव, आणि मूळचे चेलो शिकणारे संगीताचे विद्यार्थी.

प्रयोगशाळेत मात्र टिकला तो पहिलाच. त्याचा पुढचा धागा कुरतडणारा भाग छाटला की उरतो तो क्लेनॉव खंड. सँगर यांनी १९७७ साली डीएनएचा क्रम वाचला तो याच्या साहाय्याने. कॅरी मुलिस यांच्या १९८३ च्या पीसीआर पद्धतीतही आरंभी हाच होता. पण दर फेरीला डीएनए ९० अंशांच्या वर तापवावा लागे, त्यात विकर निकामी होई, आणि प्रत्येक वेळी नळी उघडून तो नव्याने घालावा लागे. यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतील थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचा टॅक विकर १९८८ पासून रूढ झाला आणि हा त्रास संपला. टॅकला स्वतःची चूक खोडता येत नाही, क्लेनॉव खंडाला येते. म्हणून बिनचूक प्रत हवी असली की आम्ही टॅकच्या वाटेला जात नाही. चूक खोडू शकणारा, उष्णता सोसणारा दुसरा विकर घेतो.