मुलांच्या वजनाचा इतिहास : युरोपातील स्थूलता-संशोधन, पुण्याचा अभ्यास आणि अंबड परिसर

प्रस्तावना

मुलांमधील स्थूलता हा सामान्यतः वैद्यकशास्त्राचा किंवा आहारशास्त्राचा विषय समजला जातो. परंतु मूल 'सडपातळ', 'निरोगी' की 'लठ्ठ' हे कोणत्या मापाने ठरवावयाचे, ते माप कोठे व कोणाच्या शरीरावरून तयार झाले, हे प्रश्न मूलतः इतिहासाचे आहेत. मराठवाड्याच्या दृष्टीने त्यांना विशेष महत्त्व आहे. ज्या प्रदेशाची आहारविषयक स्मृती दुष्काळाने घडली, तेथे स्थूलतेची चर्चा अप्रस्तुत वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात युरोपातील संशोधन आणि पुणे परिसरातील अभ्यास यांच्या आधारे अंबड परिसराच्या आहार-इतिहासाकडे पाहण्याचा प्रयत्न केला असून, टंचाई आणि स्थूलता हे दोन वेगळे अध्याय नसून एकाच इतिहासाचे भाग आहेत, असे प्रतिपादन केले आहे.

मापदंडाची जडणघडण

आज स्थूलता मोजण्यासाठी सर्वत्र वापरला जाणारा 'बॉडी मास इंडेक्स' हा निर्देशांक म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा होय. प्रौढ माणसाचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे निरीक्षण १८३० च्या दशकात बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटेले यांनी मांडले. त्यांचा शोध लठ्ठपणाविषयी नव्हता, तर 'सरासरी मनुष्या'विषयी होता. १९७२ मध्ये अमेरिकन संशोधक अॅन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी या सूत्राला आजचे नाव दिले व लोकसमूहांच्या तुलनेसाठी ते उपयुक्त ठरविले. पुढे तेच सूत्र व्यक्तीचे आरोग्य ठरविण्यासाठी सर्रास वापरले जाऊ लागले. या मापाला वजन कळते. त्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे कळत नाही. ही मर्यादा भारतीय संदर्भात निर्णायक ठरली.

युरोपातील दोन अनुभव

युरोपातील पहिला महत्त्वाचा अनुभव उपासमारीचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, पश्चिम नेदरलँड्समध्ये तीव्र अन्नटंचाई निर्माण झाली. त्या काळात गर्भावस्थेत असलेली मुले एकोणीस वर्षांची झाल्यावर लष्करी भरतीच्या तपासणीस आली. सुमारे तीन लाख तरुणांच्या या नोंदींचा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भावस्थेच्या पूर्वार्धात उपासमारीची झळ बसलेल्या तरुणांत स्थूलतेचे प्रमाण अधिक आढळले, तर गर्भावस्थेच्या अखेरच्या व जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत झळ बसलेल्यांत ते कमी आढळले. भूक आणि लठ्ठपणा यांचा संबंध केवळ विरोधाचा नाही, हे त्यातून प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसून आले. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी कमी जन्मवजन आणि प्रौढपणीचा हृदयरोग यांचा संबंध दाखवून हाच विचार पुढे नेला.

दुसरा अनुभव समृद्धीचा आहे. २००६ ते २०१२ या काळात 'आयडेफिक्स' या प्रकल्पांतर्गत इटली, स्पेन, सायप्रस, जर्मनी, बेल्जियम, स्वीडन, हंगेरी आणि एस्टोनिया या आठ देशांतील दोन ते नऊ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक मुलांचा आहार, झोप, खेळ व कौटुंबिक परिस्थिती यांचा अभ्यास करण्यात आला. पुढे 'आय-फॅमिली' या प्रकल्पाने २०१२ ते २०१७ या काळात त्याच मुलांचा व त्यांच्या कुटुंबांचा मागोवा घेतला. दक्षिण युरोपात स्थूलतेचे प्रमाण उत्तरेपेक्षा अधिक असल्याचे आणि कमी शिकलेल्या व कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांत ते वाढत असल्याचे त्यातून दिसून आले. शाळा व वस्तीपातळीवरील प्रबोधनाने मात्र स्थूलतेच्या एकूण प्रमाणात अपेक्षित घट झाली नाही. केवळ उपदेशाने आहार बदलत नाही, हा या प्रकल्पाचा महत्त्वाचा धडा होय.

पुण्याचा अभ्यास

महाराष्ट्रात या विषयाला वेगळी दिशा देणारे कार्य पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत माता-पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. शेतात राबणाऱ्या, कमी उंचीच्या व कमी वजनाच्या स्त्रियांची गर्भारपणापासून नोंद ठेवण्यात आली आणि पुढे त्यांच्या मुलांचाही मागोवा घेतला गेला.

२००३ मध्ये या खेड्यांतील ६३१ आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील ३३८ नवजात बालकांची तुलना प्रसिद्ध झाली. पुण्याच्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. स्नायू, उंची, पोटाचा घेर या सर्व बाबतींत भारतीय बालके बरीच मागे होती. परंतु पाठीवरील त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. अशा रीतीने 'कृश तरीही मेदयुक्त' बालक ही संकल्पना पुढे आली. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या बाबतीत २१.२ टक्के होती.

मातेच्या आहाराविषयीचे निष्कर्षही तितकेच उद्बोधक आहेत. बाळाच्या जन्मवजनाचा संबंध मातेने घेतलेल्या एकूण उष्मांकांपेक्षा दूध, पालेभाज्या आणि फळे यांच्याशी अधिक आढळला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत वयाच्या सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. म्हणजेच पोट भरणे आणि पोषण होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अंबड परिसर : टंचाईकडून मुबलकतेकडे

या पार्श्वभूमीवर अंबडचा विचार करता येतो. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत असलेला हा तालुका १ मे १९८१ रोजी जालना जिल्ह्याची निर्मिती होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होता. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, रानातील पालेभाजी, चटणी आणि जमेल तसे ताक हा येथील कष्टकरी कुटुंबाचा परंपरागत आहार. १९७२ च्या दुष्काळाने तो मोडला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. खडी फोडणाऱ्या, नालाबांध घालणाऱ्या या मजुरांत गर्भवती स्त्रियाही होत्या. कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मराठवाड्याच्या स्मरणात अजूनही आहेत.

ज्या वर्षी बॉडी मास इंडेक्सला त्याचे नाव मिळाले, त्याच वर्षी हा दुष्काळ पडला, हा केवळ योगायोग आहे. परंतु दुष्काळात मातेच्या उदरात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. नेदरलँड्समध्ये लष्करी भरतीच्या नोंदींमुळे जे शोधता आले, ते येथे त्याच रीतीने शोधता येणे कठीण; कारण त्या काळी खेड्यातील बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि जन्मवजन लिहून ठेवले जात नसे.

दुष्काळानंतरचा बदल वेगाने झाला. १९७६ मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले. डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस आला. अन्यत्र कापूस, सोयाबीन व मोसंबी यांनी ज्वारीची जागा घेतली. स्वस्त धान्य दुकानातून गहू व तांदूळ घरोघर पोहोचला. साखर, तेल, बिस्किटे व वेष्टनबंद खाऊ गावच्या किराणा दुकानात आले. पायी चालणे आणि शेतातील अंगमेहनत कमी झाली. उष्मांक वाढले, पण दूध, पालेभाजी व फळे यांचा वाटा त्याच प्रमाणात वाढला, असे म्हणता येत नाही. घरचे दूध संकलन केंद्रावर आणि मोसंबी बाजारात, ही अनेक शेतकरी कुटुंबांची आर्थिक अपरिहार्यता होती.

तराजूची मर्यादा

१९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडीत वजनकाटा आणला. तिचा मुख्य प्रश्न होता, मूल किती कमी वजनाचे आहे. तो प्रश्न आजही संपलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुंटलेल्या वाढीच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के, तर २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के होते. याच काळात अतिवजनी बालकांचे प्रमाण १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेले. दोन्ही आकडे एकाच राज्याचे आहेत. शिवाय, पुण्याचा अभ्यास लक्षात घेता, तराजूवर सामान्य ठरलेले मूलही धोक्यापासून मुक्त असेलच असे नाही.

यातून धोरणापुढे खरा पेच उभा राहतो. कमी वजनाच्या मुलाला केवळ उष्मांक पुरवून वजन वाढविले, तर वाढलेला भाग स्नायूंचा असेल की चरबीचा, हे काटा सांगत नाही. १९७२-७३ मध्ये उष्मांक पुरविणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता आणि सुकडीने ते काम केले. तीच दृष्टी पुढील पिढ्यांना अपुरी पडते. २००५ मध्ये औरंगाबाद येथे मुख्यालय असलेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने गर्भधारणेपासून पहिल्या एक हजार दिवसांवर पुढे जो भर दिला, त्याचे महत्त्व येथे लक्षात येते.

समारोप

युरोपात स्थूलता हा प्रामुख्याने विपुलतेचा प्रश्न म्हणून अभ्यासला गेला. नेदरलँड्सच्या अनुभवाने त्यामागील भूक दाखविली. पुण्याच्या संशोधनाने भूक आणि चरबी एकाच नवजात देहात एकत्र असू शकतात, हे सिद्ध केले. अंबडसारख्या तालुक्यात एकाच कुटुंबात दुष्काळी कामावर राबलेली आजी, मधुमेहाची गोळी घेणारा मुलगा आणि बिस्किटावर शाळेत जाणारा नातू दिसू शकतात. त्यांना तीन वेगळ्या समस्या मानण्याऐवजी एका कुटुंबाचा सलग आहार-इतिहास मानणे अधिक योग्य ठरेल. दुष्काळी कामांची हजेरीपत्रके, पीकपाहणीच्या नोंदी, रेशनची कागदपत्रे, अंगणवाडीच्या वजननोंदवह्या आणि वृद्ध स्त्रियांच्या मौखिक आठवणी ही त्याची साधने होत. यांपैकी शेवटचे साधन वर्षागणिक क्षीण होत आहे. म्हणून ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, गृहविज्ञान व समाजशास्त्र या विभागांनी हे काम संयुक्तपणे आणि विनाविलंब हाती घेणे आवश्यक आहे.