दारी आलेली बँक

काटकसर हा गुण आपल्याकडे कुणी बाहेरून आणून शिकविला, असे मानण्याचे कारण नाही. काळी नदीच्या खोऱ्यातील या जंगलमुलखात पावसाळ्याचे चार महिने तगून राहावयाचे, तर कणगीत भात आणि मडक्यांतून कुळीथ व बी-बियाणे राखून ठेवावेच लागे. रोकड थोडी असे. ती गाडग्यात, पेटीत किंवा सोन्याच्या मण्यांच्या रूपाने गळ्यात राही. अडचण बचतीची नव्हती, ठेव ठेवण्याच्या जागेची होती. चोरी, आग, वाळवी आणि भाऊबंदकी या चौघांपासून सुरक्षित अशी जागा सामान्य माणसाला कशी मिळत गेली, हे पाहू लागले म्हणजे या इतिहासाची काही महत्त्वाची पाने आपल्या आसपासच लिहिली गेल्याचे आढळते.

उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. मुंबई शहरात सरकारी बचत बँक १८३५ मध्येच निघाली होती. १८७० पासून जिल्ह्यांच्या खजिन्यांना जोडून अशा बँका उघडल्या गेल्या आणि १ एप्रिल १८८२ रोजी डाकघर बचत बँकेचा आरंभ झाला. सरकारची हमी असल्यामुळे तेथे पैसा बुडण्याचे भय नव्हते. परंतु डाकघर गाठावयाचे म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे आले. शिवाय अर्ज भरणे आणि सही करणे यांचा संकोच होताच. ज्याची शिल्लकच चार-दोन आण्यांची, त्याला हा व्यवहार परवडणारा नव्हता.

दुसरा मार्ग सहकाराचा. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर, ८ मे १९०५ रोजी, गदगजवळच्या कणगिनहाळ येथे सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची पतसंस्था नोंदली गेली. हा भागही तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. पुढच्याच वर्षी श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी आपले गुरुतुल्य शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या स्मरणार्थ मुंबईत सहकारी संस्था स्थापिली. तिचे मूळ सभासद चित्रापूर सारस्वत समाजाचे, आणि त्या समाजाचा मठ आपल्याच जिल्ह्यात शिराळीस आहे. पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या माणसांनी परक्या शहरात एकमेकांची पत उभी केली, हा त्या प्रयत्नाचा अर्थ. जुन्या स्थलांतरित घराण्यांना तो निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र बँकच ग्राहकाच्या दारी जाण्याची कल्पना उडुपीस जन्मली. हातमागाच्या मंदीने हैराण झालेल्या विणकरांना साह्य करावे, या हेतूने १९२५ साली उद्योजक उपेंद्र अनंत पै, अभियंता वामन कुडवा आणि वैद्यकी करणारे डॉ. टी. एम. ए. पै यांनी अवघ्या ८,००० रुपयांच्या भांडवलावर एक बँक काढली. तीच पुढे सिंडिकेट बँक या नावाने प्रसिद्ध झाली. १९२८ मध्ये तिने ‘पिग्मी’ ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज दुकानी किंवा घरी येई, दोन आण्यांइतकी अल्प रक्कमही घेई आणि तिची नोंद करून देई. हिशेब साधाच आहे. रोजचे दोन आणे म्हणजे महिन्याचे पावणेचार रुपये आणि वर्षाचे ४५ रुपये १० आणे. ही रक्कम एकदम बाजूला काढणे हमालाला किंवा भाजीवालीला अशक्यच होते. घेणारा रोज ठरल्या वेळी येऊन उभा राहिल्यामुळे ते शक्य झाले. ही पद्धत पुढे सहकारी बँकांनी व पतसंस्थांनी उचलली आणि ‘पिग्मी’ हा शब्द मराठी बाजारपेठांत इतका मुरला की तो एका बँकेच्या योजनेचे नाव होता, हे विस्मरणात गेले.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांत सिंडिकेट व कॅनरा या दोन्ही होत्या. त्यानंतर खेड्यांतून शाखा वाढू लागल्या. याच सुमारास आपल्या तालुक्यावर मोठे स्थित्यंतर येत होते. गणेशगुडी येथे काळीवर १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, जुने सुपे गाव पाण्याखाली गेले, आणि विस्थापितांपैकी अनेकांनी रामनगर येथे नवी घरे मांडली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचे मोल पैशांत करून देण्याची रीत होती. जमीन पिढ्यान्‌पिढ्या पोसते. पैसा मात्र हाताळता आला नाही, तर एका लग्नात किंवा एका आजारात संपून जातो. अशा वेळी खाते, मुदत ठेव आणि व्याज यांचे ज्ञान असणे वा नसणे यावर कुटुंबाचे पुढचे दिवस अवलंबून असतात.

या साऱ्या इतिहासाचा आधार विश्वास हा आहे, आणि धोकाही तेथेच आहे. पिग्मी गोळा करणारा बहुधा ओळखीचा असतो. त्याचे श्रम न्यायालयानेही मानले आहेत: असे प्रतिनिधी कामगारच होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. परंतु माणूस प्रामाणिक असला म्हणजे संस्था भक्कम असतेच असे नाही. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा देश हादरला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विम्याची व्यवस्था आली. आरंभी तिची मर्यादा १,५०० रुपये होती. १९९३ मध्ये ती १ लाख झाली, आणि मुंबईतील पीएमसी बँकेच्या ठेवीदारांचे हाल देशाने पाहिल्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. हे संरक्षण व्यापारी बँकांना व पात्र सहकारी बँकांना आहे. पतसंस्थांना आणि भिशीला नाही. बँक व पतसंस्था यांच्या पाट्या बाजारात शेजारी शेजारी असतात, पुस्तिकाही सारख्याच दिसतात, म्हणून हा भेद सहसा लक्षात येत नाही.

१ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. आता खाते मोबाइलवरही उघडते, आणि दारी येणाऱ्या माणसाची गरज पुष्कळांना उरलेली नाही. तरी ज्या घरांत रोजची कमाई रोखीने येते, तेथे पिग्मीची पुस्तिका अजून उपयोगी पडते. ती अवश्य चालवावी. फक्त प्रत्येक भरण्याची नोंद आपल्यासमोर करून घ्यावी, अधूनमधून शाखेत जाऊन ती पडताळावी, वारसाचे नाव लावावे, आणि पैसे देण्यापूर्वी एक प्रश्न संकोच न करता विचारावा : या ठेवीला विमा आहे काय? आपल्या आजे-पणजांना हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला ती आहे.