आधी पाण्याची वाट, मग रोप

डोंबिवलीहून ठाण्याला जाताना कळवा सोडलं की आपली लोकल खाडी ओलांडते. 1854 सालच्या मे महिन्यात ठाण्याची रेल्वे कल्याणपर्यंत आली, तीही या खाडीवर पूल बांधूनच. खिडकीतून दिसणारी हिरवी झाडी म्हणजे तिवरं, आणि ओहोटीला उघडा पडतो तो चिखल. त्याला आपण सहज ‘घाण’ म्हणून मोकळ्या होतो. आज त्या चिखलाचा इतिहास पाहू.

भरतीचं पाणी जिथे येतं-जातं, त्या जमिनीला आपल्याकडे खाजण म्हणतात. आगरी-कोळ्यांच्या घरची चूल या खाजणावर पेटायची. कुठे मिठागर, कुठे चिंबोरी, निवट्या, कालवं. आणि जिथे बांध घालून खारं पाणी अडवलं, तिथे खाऱ्या जमिनीतलं भात. हा बांध एकट्या घराच्या हातचा नव्हे. पेण भागात बाहेरचा मोठा बांध सांभाळणारे शिलोत्रीदार असत आणि त्यासाठी शेतकऱ्याकडून भात घेतलं जाई. आतली डागडुजी गावानं मिळून करायची. 1948 साली खार जमिनींचा कायदा झाला आणि सरकार या कामात उतरलं.

पण उधाणात बांधाला खांड गेली आणि ती वेळेत बुजवली नाही, तर काय व्हायचं? खारं पाणी शेतात शिरायचं, पीक जायचं आणि काही वर्षांत तिथे तिवरं उभी राहायची. ती कोणी लावलेली नसत. भरतीबरोबर बी आलं, चिखलात रुजलं. शेतकऱ्याचं ते मोठंच नुकसान. पण त्यातून एक गोष्ट कळते: पाण्याला वाट मिळाली की कांदळवन आपण होऊन परत येतं.

शहर वाढलं तेव्हा उलटं घडलं. राडारोडा टाकून खाजणं भरली, भरतीच्या वाटा बुजल्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. इकडे उल्हास नदीचं पाणी कल्याण-बदलापूरच्या घरांत शिरलं. पाण्यानं पसरायचं कुठे, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांना पडला. त्याच वर्षी 6 ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर कांदळवनं तोडायला आणि त्यात भराव टाकायला मनाई केली. 2012 मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष आला, 2015 मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातली ही तिसरी जागा.

आता सुट्टीच्या दिवशी कॉलेजची मुलं, सोसायट्यांमधल्या बायका, निवृत्त मंडळी हातमोजे घालून खाडीकाठी उतरतात. फार चांगलं. पण बहुतेकींना वाटतं, जाऊन रोप लावायचं आणि फोटो काढायचा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या वेस्ट लेक पार्कमध्ये रॉबिन लुईस या शास्त्रज्ञानं आधी भराव काढला, भरतीच्या पाण्याला चर मोकळे करून दिले. पुढची लागवड मुख्यतः पाण्यानंच केली. आपल्या बांधांच्या खांडीही तेच सांगत होत्या.

म्हणून मैत्रिणींनो, जाल तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी वन विभागाची परवानगी आणि भरती-ओहोटीची वेळ. मग प्लॅस्टिक काढा. तिवराची मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात, पिशव्या गुंडाळल्या की ती गुदमरतात. चर कुठे तुंबलाय ते पाहून कक्षाच्या माणसांना दाखवा. आणि उघड्या चिखलावर रोपं लावू नका. ती जागा रिकामी नाही. रोहित पक्षी तिथेच चोच बुडवून चरतात, परदेशातून आलेले चिखले तिथेच किडे टिपतात. झाडी दाटली तर त्यांचं ताट गेलं.

पूर्वी गाव मिळून पाणी अडवायचं. आता आपल्याला मिळून ते आत येऊ द्यायचं आहे. आधी आपल्या घराजवळचा नाला खाडीला कुठे मिळतो, तेवढं या आठवड्यात शोधून ठेवा.