एनएफ-१ जनुक आणि न्यूरोफायब्रोमिन प्रथिन : शोधाचा इतिहास

मज्जातंतूंवर गाठी निर्माण करणाऱ्या न्यूरोफायब्रोमॅटोसिस या विकाराचे सविस्तर वर्णन जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये केले. त्यास कारणीभूत असलेले १७ व्या गुणसूत्रावरील एनएफ-१ जनुक मात्र १९९० मध्ये अमेरिकेतील फ्रान्सिस कॉलिन्स व रे व्हाइट यांच्या संशोधकगटांना सापडले. त्याच वर्षी त्याच्या न्यूरोफायब्रोमिन या प्रथिनाचे यीस्टमधील प्रथिनांशी साम्य आढळून कार्य उलगडले. पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या रास प्रथिनास ते निष्क्रिय करते. हे नियंत्रण सुटले की गाठी वाढतात. रासनंतरचा मेक हा टप्पा रोखणाऱ्या सेलुमेटिनिब औषधास २०२० मध्ये अमेरिकेत बालरुग्णांसाठी मान्यता मिळाली. उपचाराची वाट जनुकाच्या शोधाइतकीच प्रथिनाच्या कार्याच्या ज्ञानाने खुली झाली, हे यावरून स्पष्ट होते.