लाटणें आणि पाळणा

आमच्या नांदेड-लातूरकडे उन्हाळा लागला कीं अंगणांत पापडांचीं वाळवणें पडत. शेजारणी लाटावयास जमत. एखादीचें मूल मांडीवरच निजलेलें असे. या श्रमांचें मोल मात्र कोणी पैशांत करीत नसे. तें मुंबईस, गिरगांवांत, ७ गृहिणींनीं करून दाखविलें.

१५ मार्च १९५९ रोजीं ८० रुपये उसने घेऊन लोहाणा निवासाच्या गच्चीवर त्यांनीं पापड लाटले. पहिल्या दिवशीं ४ पुडे निघाले. शिक्षण बेताचें, आणि घर व मुलें टाकून नोकरी धरणें कठीण. हाताशीं होतें तें लाटण्याचें कसब.

पहिल्या पावसाळ्यांत पापड वाळेनात. ४ महिने काम बंद पडलें. पुढील वर्षीं खाटेवर पापड पसरले आणि खालीं स्टोव्ह पेटविला! ही तोड मला फार आवडते. तींत स्वयंपाकघरचें शहाणपण आहे.

हाच पुढें ‘लिज्जत’ उद्योग झाला. १९६६ मध्यें खादी व ग्रामोद्योग आयोगानें त्यास मान्यता दिली. त्याची खरी खुबी व्यवस्थेंत आहे. केंद्रावरून मळलेलें पीठ घरीं न्यावें, मुलांचें करतां करतां लाटावें, दुसऱ्या दिवशीं वाळलेले पापड देऊन मजुरी घ्यावी. लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची सभासद. नफ्यातोट्यांतही तिचा वांटा.

एक शंका मात्र मनांतून जात नाहीं. मजुरी पापडांच्या वजनावर ठरते. मूल रडलें कीं लाटणें ठेवून उठावयाचें तें आईनेंच, आणि तो वेळ त्या हिशेबांत येत नाहीं.